आखूड नळी

आमचे सर चहात बिस्किट बुडवतात, ते ठीक. पण चहा बीकरमध्ये घेतात, आणि बीकर प्रयोगशाळेतला. "धुतलेला असतो गं," म्हणतात. धुतं कोण? मी. त्यात आदल्या दिवशी काय होतं ते मला माहीत असतं. एकदा मी ते त्यांना सांगितलंही. तेव्हा त्यांनी बीकरच्या तळाशी उरलेला बिस्किटाचा लगदा बोटाने खरवडून चाटला आणि म्हणाले, "मेंदूवर काम करायचं तर पोट घट्ट हवं." मग एक भरघोस ढेकर दिला. पाठीमागे आम्ही त्यांना ढेकरसाहेब म्हणतो, ते काही उगीच नाही.

मला किळस लवकर येते. लहानपणापासूनची खोड आहे. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी, मोरीच्या जाळीत अडकलेले केस, लिफ्टच्या बटणावरचे तेलकट ठसे, सगळं मला आधी दिसतं. माझी मोठी बहीण, ताई, म्हणते, "हिला नाक देऊन झालं आणि बाकीचं सामान संपलं." ताईची मुलगी चिंगी तर मला छीमावशीच म्हणते. तिला बोलता यायला लागलं तेव्हा माझ्या तोंडून तिने सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द तोच असणार.

असं नाक घेऊन मी करते काय, तर उंदरांच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचे मेंदू काढते. पिल्लू उघडंनागडं, डोळे मिटलेले, अंगाला दुधाचा आंबूस वास. तो वास कितीही साबण लावला तरी नखांच्या कडेला राहतो. मेंदूतल्या चेतापेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवायच्या, आणि त्यांना फाटे फुटून त्या एकमेकींना धरायला लागल्या की कामाला घ्यायच्या.

काम सांगायला सोपं आहे. चेतापेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, बाहेर थोडं. बाहेरचं एकदम वाढवलं की पेशीचा तोल जातो, तिच्या सालीतल्या झडपा उघडतात आणि त्यांतून कॅल्शियम आत घुसतं. आम्ही पेशीत आधीच एक रंग भरून ठेवलेला असतो. कॅल्शियम भेटलं की तो हिरवा चमकतो. मग पेशीचे पंप ते कॅल्शियम उपसून बाहेर काढतात आणि हिरवं विझत जातं. पडद्यावर त्याची एक रेघ उमटते. आधी चढ, मग उतार. त्या इमारतीत मला सुंदर वाटणारी ती एकच गोष्ट, कारण तिला वास नाही.

फिट येते तेव्हा मेंदूत हेच होतं, फक्त बेताल. पेशी एकदम पेटतात, त्यांच्या बाहेर पोटॅशियम साचतं, ते शेजारणींना पेटवतं. हे पुस्तकात वाचायच्या आधी मी चिंगीच्या अंगात पाहिलं होतं.

चिंगी सात वर्षांची आहे. ताप चढला की तिला फिट ठरलेली, आणि ताप नसला तरी अधूनमधून येतेच. औषध चालू आहे. त्याने फिट आवाक्यात राहतात, पण हिरड्या सुजल्यात, लाळ गळते, वर्गात बसल्या बसल्या पेंग येते. शाळेतली मुलं तिला 'नळ' म्हणतात. ताई ती लाळ तळहाताने पुसते आणि तळहात स्वतःच्या कपड्यांना. ओकारी असो, ओली चादर असो, ताईने तोंड वाकडं केलेलं मी कधी पाहिलं नाही. अशा वेळी मी शेजारी टिश्यूचा डबा घेऊन उभी असते, श्वास रोखून. मावशी म्हणून माझी एवढीच कामगिरी.

सरांचं औषध म्हणजे पोटदुखीवरची एक जुनी गुलाबी गोळी. लोक ती वर्षानुवर्षं घेत आलेत, कुणाला काही झालेलं नाही. सरांच्या मनात आलं की ही गोळी कॅल्शियमच्या झडपा थोड्या बंद करत असणार, म्हणजे फिटवर चालेल. बशीत करून पाहिलं आणि चाललं! नुसतं पोटॅशियम सोडलं की रेघेचा डोंगर व्हायचा, त्यात गुलाबी मिसळलं की टेकडी. औषध जुनं, विषारी नाही हे सिद्ध झालेलं, त्यामुळे परवानगी देणाऱ्या समितीने थेट फिट येणाऱ्या मुलांवर चाचणी घ्यायला होकार दिला. एकच अट. चाचणीत येणाऱ्या मुलाचं आधीचं औषध हळूहळू बंद करायचं, नाहीतर गुण कशाचा ते कळणार कसं?

आता ती नळी. गुलाबी पूड पाण्यात विरघळवली की उबेत नासते, म्हणून ती मिसळलेलं द्रावण बर्फात ठेवायचं आणि शेवटच्या क्षणी नळीतून बशीत सोडायचं, असा सरांचा नियम. ज्यात नुसतं पोटॅशियम ते साधं द्रावण मात्र टेबलावरच्या बाटलीत. पूर्वी ही नळी चांगली लांब होती, गरम पट्टीवरून वळसे घेत बशीपर्यंत यायची. एक दिवस सर म्हणाले, "अर्धं औषध नळीतच राहतंय, नासाडी नुसती!" आणि ज्या कात्रीने ते नाकातले केस कापतात त्याच कात्रीने त्यांनी नळी कापली. ती कात्री मी नंतर चिमट्यात धरून फेकली. नळीचा विचार मात्र मी केला नाही.

रेघेतली एक गोष्ट मला टोचत होती. ती मी आठवड्याच्या बैठकीत काढली.

"सर, चढ कमी होतो तो झडपा बंद झाल्यामुळे, हे पटतं. पण उतारसुद्धा रेंगाळतो. पंपांना गुलाबीने काय केलंय?"

सर काडीने दात कोरत होते. काडीच्या टोकावर जे निघालं ते त्यांनी उजेडात धरून नीट पाहिलं आणि परत तोंडात घातलं.

"तू उताराकडे बघू नकोस," ते म्हणाले. "चढाकडे बघ. फिट चढावर येते."

सगळे हसले. मीही हसले. माझ्या नोकरीच्या मुदतवाढीच्या कागदावर सही त्यांची व्हायची होती, आणि त्यांच्या विनोदावर न हसलेल्यांची गत मी पाहिली होती.

त्याच सुमारास ताईने सरांचं भाषण ऐकलं. सभागृह फिट येणाऱ्या मुलांच्या आईबापांनी भरलं होतं. मला ते ती स्वयंपाकघरात भांडी विसळताना सांगत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना.

"इतका मोठा माणूस, पण काय साधा गं! खाली उतरून आमच्यात येऊन बसले. चिंगीच्या गालावरून हात फिरवला."

तो हात मला ठाऊक होता. मी चिंगीच्या गालाकडे बघितलं.

"मी नाव दिलंय तिचं," ताई म्हणाली. "पहिल्या तुकडीत."

"ताई, जरा थांबूया. आमचं अजून पक्कं नाही."

"तूच नाही का म्हणालीस, डोंगराची टेकडी होते म्हणून?"

"बशीत होते. चिंगी म्हणजे काय बशी आहे?"

"तुला ना, दुधातसुद्धा केस दिसतो," ताई म्हणाली आणि एक पेला माझ्यापुढे जरा जोरातच ठेवला. "सर स्वतः म्हणाले, गुण येईल. तू त्यांच्यापेक्षा शहाणी का?"

तेव्हा माझ्याकडे एका रेंगाळणाऱ्या उताराशिवाय काही नव्हतं.

मग आमचं बर्फाचं यंत्र बंद पडलं. खालून गढूळ पाणी गळायला लागलं. झाकण उघडून पाहिलं तर आत काळ्या बुरशीचा बुळबुळीत थर. त्याच बर्फात आम्ही इतके दिवस औषध ठेवत होतो! मी दोन पावलं मागे सरले. दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणाला, म्हणजे परवा. बशा तयार होत्या, आणि पेशी काही आपली सवड बघून जगत नाहीत. म्हणून मी गुलाबी ताजी विरघळवली आणि नासायला वेळच न देता, बर्फाशिवाय, तशीच सोडली.

रेघेचा डोंगर झाला. सरळ चढला, झटकन उतरला. गुलाबीचा मागमूस नाही.

वाटलं, पूड खराब झाली. नव्या पुडीतली घेतली. पुन्हा डोंगर. आता फरक उरला होता तो एकच, बर्फाचा. मी खाली कँटीनमध्ये गेले, शीतपेयांच्या पेटीतला बर्फ मागून आणला आणि त्यात साधं द्रावण ठेवलं. नुसतं पोटॅशियम, गुलाबीचा कणही नाही. चांगलं गार होऊ दिलं आणि सोडलं.

टेकडी. ठेंगणी, गोंडस, सावकाश उतरणारी. सरांच्या प्रत्येक भाषणात पडद्यावर झळकणारी तीच रेघ.

बशी ज्या गरम पाटावर असते त्याच्या पुढच्या बाजूला आकडा दिसतो, नेहमी अंगाच्या उबेएवढा. तो आकडा बघून आम्ही निर्धास्त असायचो. आता मी तापमापकाची बारीक तार बशीतच बुडवली. पाटाचा आकडा जागचा हलला नाही, आणि पेशींवरून वाहणारं पाणी होतं विहिरीसारखं गार. लांब नळीत ते वाटेत कोमट होत असे. आखूड नळीने ते बर्फातून थेट पेशींच्या डोक्यावर ओतलं होतं.

गारठलेला माणूस दार हळू उघडतो आणि केरही हळू काढतो. पेशींचं तेच. झडपा मंद, पंपही मंद, म्हणून चढ बसका आणि उतार रेंगाळलेला. औषधाने काडीचंही काम केलेलं नव्हतं. जे केलं ते बर्फाने केलं, आणि बर्फ काही गोळीत भरून मुलांना देता येत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आमची सगळ्यांची गत. इतकी शिकलेली माणसं आम्ही, पण बशीतल्या पाण्यात एक तार बुडवायचं कुणाला सुचलं नाही.

निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

सरांच्या खोलीत गेले तेव्हा ते नखं कापत होते. तुकडे उडून बिस्किटांच्या बशीत पडत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि तिन्ही रेघा पुढे ठेवल्या. मला वाटलं होतं ते भडकतील, निदान खुर्चीतून उठतील. त्यांनी अंगठ्याचं नख कापून पुरं केलं.

"हं," ते म्हणाले. "नळी कापली तेव्हा मलाही एकदा वाटून गेलं होतं."

"काय वाटून गेलं होतं?"

"की पाणी गारच जात असेल बहुतेक."

"मग मोजलं का नाही सर?"

"मोजलं असतं तर कळलं असतं ना," असं म्हणून ते हसले. खरंच हसले. दातांत बिस्किट होतं. "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि नुकसान कुणाचं? गोळी निरुपद्रवी आहे."

"गोळी निरुपद्रवी आहे. पण मुलांची चालू औषधं आपण बंद करणार आहोत."

"हळूहळू बंद करणार आहोत. फिट आल्या तर परत सुरू करू. त्या मुलांना फिट येतातच, त्यात नवीन काय?" त्यांनी बशीतलं एक बिस्किट उचललं, वरचं नख फुंकून उडवलं आणि बशी माझ्यापुढे केली. "घे."

माझ्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते. मी तडक बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन खरोखरच ओकले. घाणेरडी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांची घाण धुता येते. ह्या माणसाची घाण हसत होती आणि बिस्किट देत होती.

तोंड धुताना एक विचार आला. चिंगीचं नाव तेवढं गुपचूप काढून घ्यावं, बाकीच्यांचं ते बाकीचे बघतील, आणि माझी मुदतवाढही होऊन जाईल. विचार माझाच होता. त्याचाही वास मला आला, अगदी जवळून, आणि मी परत एकदा तोंड धुतलं.

संध्याकाळी ताईकडे गेले. चिंगी सतरंजीवर चित्र रंगवत होती. कागदावर लाळेचा थेंब पडला की ती त्यात रंग कालवायची. ताईला मी बाजूला घेऊन सांगितलं. नळी, बर्फ, टेकडी, सगळं. ती हात कोपरापर्यंत ओले ठेवून ऐकत होती.

"झालं तुझं?" ती म्हणाली.

"ताई, हे औषध काही करत नाही. आधीचं बंद केलंस तर चिंगीकडे काहीच उरणार नाही."

"एवढा मोठा माणूस खोटा, आणि तू खरी."

"रेघ खरी आहे."

"तुला काय गं, रेघा बघायच्या आणि नाक मुरडायचं!" ताईचा आवाज चढला. "मी बघते तिला. ती वर्गात झोपते, मुलं तिला नळ म्हणतात, ती घरी येऊन मला विचारते, 'आई, नळ म्हणजे वाईट का?' हे औषध तिला मारत नाही, पण जगूही देत नाही. आणि कुणी एक माणूस म्हणतो की होईल नीट, तर माझी सख्खी बहीणच आडवी येते! तू कधी मांडीवर घेतलंयस तिला? एकदा तरी? तुझ्या कपड्यांना लागेल ना."

मी माझी स्वच्छ बाही नुसती खाली ओढली.

"आणि ऐक," ती जरा हळू आवाजात म्हणाली. "मी गोळी अर्धी केली आहे. भाषणापासूनच."

"कुणाला विचारून?"

"बंद करायचीच आहे ना? म्हटलं, सवय होईल."

"ताई!"

"ओरडू नकोस. झालंय का तिला काही? बघ, आज पेंगत नाहीये." खरंच पेंगत नव्हती. जांभळ्या रंगाने सूर्य रंगवत होती. "मंगळवारी सरांनी बोलावलंय तपासायला. तिथेच दाखव मला काय दाखवायचं ते. माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणाचं ऐकणार नाही. त्यांचंही नाही, तुझंही नाही."

"तोवर गोळी पुरी दे."

ती भांडी लावायला लागली.

मंगळवारी भावजी कामावर, म्हणून दोघीच आल्या. चिंगीला सर्दी झाली होती. नाक वाहत होतं आणि गाल लाल दिसत होते. "अंग जरा कोमट आहे, ताप नाही," ताई म्हणाली. सरांची वेळ व्हायला अवकाश होता, म्हणून मी दोघींना मायक्रोस्कोपच्या काळोख्या खोलीत नेलं. खोली लहान, पाटाच्या उबेने कोंदट. चिंगीला मी उंच स्टुलावर बसवलं.

आधी साधं द्रावण, कोमट करून. पडद्यावर काळोख होता, त्यात एकेक पेशी हिरवी पेटत गेली.

"तारे!" चिंगी म्हणाली. "छीमावशी, तारे!"

तारे विझले. दुसरी बशी घेतली. साधंच द्रावण, पण बर्फातलं, आखूड नळीतून. तारे अर्धेच उजळले आणि तसेच मिणमिणत राहिले. तिसऱ्या बशीत गुलाबी सोडली, कोमट आणि ताजी. सगळं आभाळ पेटलं.

ताईने पडद्यावरची नजर हलवली नाही. "परत दाखव," एवढंच म्हणाली.

मी नव्या बशा घेऊन परत दाखवलं. गुलाबीची पुडी मी तिच्या हातात दिली, बर्फात तिलाच बोट घालायला लावलं. माझ्या हातचलाखीला जागा नको म्हणून नळीची चावीसुद्धा तिनेच फिरवली.

"म्हणजे नुसती गार पाण्याची पट्टी," ती अखेर म्हणाली.

"तीसुद्धा काचेच्या बशीला."

ताईने पुडी टेबलावर ठेवली. "आणि त्यांना हे माहीत आहे?"

"मी सांगितलं. त्याआधीही वाटलं होतं त्यांना. मोजलं नाही."

तेवढ्यात दार उघडलं आणि उजेड आत आला. दारात सर उभे, एका हातात बीकर. "अरे वा, आमची पाहुणी इथे लपली आहे तर! मी सगळीकडे शोधतोय." त्यांनी बिस्किटाने माखलेला हात चिंगीच्या डोक्याकडे नेला.

चिंगीने मान वळवली, पण त्यांच्याकडे बघायला नव्हे. मान वळतच गेली. डोळे वर चढले, हात ताठ झाले. मी आणि ताईने तिला स्टुलावरून पडता पडता झेललं आणि जमिनीवर ठेवलं. तिचं सगळं अंग झटके द्यायला लागलं. तोंडातून फेस आला, त्याबरोबर सकाळचं दूध, आणि फरशीवर लघवीचा ओघळ दाराच्या दिशेने निघाला.

सर उडी मारून मागे सरले. एका हाताने त्यांनी पँट घोट्यावर उचलून धरली, बीकर छातीशी. "चमचा!" ते ओरडले. "तोंडात चमचा घाला तिच्या!"

आयुष्य मेंदूवर घालवलेला माणूस.

"तोंडात काही घालायचं नसतं," ताई वर न बघता म्हणाली. ती चिंगीला कुशीवर वळवत होती. "अगं, डोकं धर तिचं."

माझा टिश्यूचा डबा टेबलावर होता. सरांनी तो खाली टाकला आणि बुटाच्या टोकाने आमच्याकडे ढकलला. मग तो ओघळ त्यांच्या बुटापर्यंत आला. त्यांचं नाक आक्रसलं, वरचा ओठ उचलला गेला, आणि त्यांच्या तोंडून शब्द निघाला.

"छी!"

माझा शब्द. जशाच्या तसा, त्याच स्वरात. बीकरमध्ये चहा पिणाऱ्या, काडीवरचं परत खाणाऱ्या, नखाशेजारचं बिस्किट पुढे करणाऱ्या माणसाला किळस आली होती, आणि कशाची, तर एका सात वर्षांच्या मुलीची.

मी गुडघे टेकून बसले होते. चिंगीच्या गालाखाली मी तळहात घातला, म्हणजे डोकं फरशीवर आपटणार नाही. फेस आणि दूध माझ्या बोटांमधून मनगटापर्यंत आलं. ऊन होतं. मी वाट बघत होते की आता पोटात ढवळेल. नाही ढवळलं. मी दुसऱ्या हाताने माझ्या पांढऱ्या कोटाची बाही ओढली आणि तिचं तोंड पुसलं, मग नाक, मग परत तोंड. ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घड्याळाकडे.

झटके मंदावले. चिंगीने मोठा, घरघरणारा श्वास घेतला आणि अंग सैल सोडलं.

सर दारातच होते. "होतं असं, होतं," ते म्हणाले. "बरं का ताई, म्हणूनच तर आपल्या औषधाची गरज—"

"सर," ताई म्हणाली. ती फरशीवरच बसली होती, कपडे ओले. "तुमच्याकडे एवढी मुलं येणार ना? आपापली औषधं बंद करून?"

"हो, म्हणजे, टप्प्याटप्प्याने."

"त्यांचं हे पुसणार कोण?"

सरांनी तोंड उघडलं. ढेकरही आला नाही.

चिंगीच्या डॉक्टरांनी ताईला फोनवर सांगितलं, गोळी आजपासून पुरी द्या, आणि लगेच घेऊन या. टॅक्सी यायला वेळ होता. चिंगी माझ्या खोलीत आली ती माझ्या कडेवर, आणि ताईने बाकावर बसून तिला मांडीवर घेईपर्यंत माझ्याच खांद्यावर झोपली होती. खांद्यावर एक ओला गोल राहिला.

मी संगणकापुढे बसले आणि समितीला पत्र लिहायला घेतलं. साधं द्रावण, कोमट. साधं द्रावण, गार. गुलाबी, कोमट. तिन्ही रेघा जोडल्या, पाटाचा आकडा आणि पाण्याचा आकडा शेजारी शेजारी लिहिला. बोटं कळफलकावर चिकटत होती.

सर दाराशी आले, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. "काय लिहितेस?"

"उताराबद्दल."

"तुझ्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे, माहितीये ना?"

"त्यावर चुरा पडला असेल सर. झटकून घ्या."

त्यांच्या बुटांचा चिकट आवाज व्हरांड्यातून लांब गेला. ताई माझ्या हातांकडे बघत होती. दूध वाळून त्यांच्यावर पापुद्रा धरला होता.

"अगं, हात तरी धू," ती म्हणाली.

"धुते," मी म्हटलं, आणि शेवटची ओळ लिहिली, की ज्या ज्या मुलाचं औषध या चाचणीसाठी कमी केलं असेल, त्याच्या घरी आजच्या आज कळवावं. खाली माझं नाव घातलं. पत्र गेल्याचं पडद्यावर दिसेपर्यंत थांबले. मग उठले आणि हात धुतले.